फ्रिजला वारा, छताला सावली : पत्र्याच्या घरात इन्सुलिन कसे जपावे



एप्रिल-मे आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. "ताई, इंजेक्शन रोज घेते, भात-साखर सोडली, तरी शुगर खाली येत नाही." मग डोस वाढतो, औषधाचा खर्च वाढतो, आणि घरातले म्हातारीलाच बोलतात की ही चोरून गोड खाते. अशा वेळी औषधाच्या कागदाबरोबर घरातला फ्रिजही बघावा लागतो. पुष्कळ घरांत तो पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला घट्ट टेकलेला असतो. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला गॅसची शेगडी, वर गोधड्यांचा ढीग. आत इन्सुलिनची बाटली कधी बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली असते, तर कधी कोमट झालेली असते.

रोग्याचा काही दोष नसतो. औषधच निकामी झालेले असते.

आपल्या समाजात फ्रिज ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. ज्या घरात मधुमेहाचा रोगी इन्सुलिनवर आहे, त्या घरात तो औषधाचा कपाट आहे. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने ग्रासले होते आणि १९४८ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, यांनी त्यांच्या पथ्यपाण्याची आणि औषधांची काळजी वाहिली, हे आपण सगळे जाणतो. औषध वेळेवर घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते नीट सांभाळणेही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर फ्रिजविषयी लिहीत आहे.

फ्रिज गारवा तयार करत नाही

ही गोष्ट आधी समजून घेऊ, बाकी सगळे त्यावरून सुचत जाते. फ्रिज गारवा "बनवत" नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. विहिरीतून बादलीने पाणी उपसावे तसे हे काम आहे. उपसणारा म्हणजे फ्रिजच्या मागे खाली बसवलेला काळा डबा, कॉम्प्रेसर. आत फिरणारा गॅस अन्नातली, औषधातली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो आणि नळ्यांमधून ती उष्णता खोलीच्या हवेत सोडली जाते. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी दिसते, ती हीच. हल्लीच्या अनेक फ्रिजमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याच्या आत लपवलेली असते. म्हणून फ्रिज चालू असताना त्याच्या बाजूंना हात लावला की गरम लागते. तो बिघाड नाही, ते त्याचे कामच आहे.

आता विचार करा. बाहेर टाकलेल्या उष्णतेला जायला जागाच नसेल तर? ती फ्रिजच्या अंगाभोवती कोंडते. कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही, वीजबिल फुगते, आणि आतले तापमान मात्र खाली येत नाही. तोंडावर उशी धरून माणसाला पळायला लावावे, तसे आपण फ्रिजचे करतो.

फ्रिजच्या भिंतीत आणि दारात फोम भरलेला असतो. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून कारखान्यातच हे अस्तर घातलेले असते. आपल्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल, हायर या कंपन्यांचे कारखाने आहेत. तिथे काम केलेली मुले आपल्या वस्त्यांमध्ये भेटतात. त्यांना विचारा, दोन पत्र्यांमध्ये फोम कसा भरतात ते सांगतील. म्हणजे फ्रिजला लागणारे अस्तर आतूनच मिळालेले आहे. वरून गोधडी, चादर किंवा थर्माकोल गुंडाळून तो जास्त थंड राहत नाही. उलट ज्या बाजूने उष्णता बाहेर पडायची तीच बाजू आपण बंद करतो.

म्हणून सूत्र सोपे आहे : फ्रिजला वारा द्या, आणि अस्तर घराच्या छताला द्या.

फ्रिजला किती जागा हवी?

प्राथमिक आरोग्य केंद्रात लस ठेवायचे जे फ्रिज असतात, त्यांच्यासाठी सरकारी नियम आहे की ते भिंतीपासून आणि दुसऱ्या यंत्रापासून किमान १० सेंटीमीटर, म्हणजे चार इंच दूर हवेत. त्यांच्यावर ऊन पडता कामा नये. दिवसातून दोनदा त्यांचे तापमान वहीत लिहावे लागते. लाखो बाळांच्या लसीसाठी जी काळजी घेतली जाते, तीच आपल्या आईच्या इन्सुलिनलाही लागते. औषध सरकारी असो की घरचे, उष्णता दोघांनाही सारखीच मारते.

घरी एवढे करा :

फ्रिजच्या मागे आणि दोन्ही बाजूंना किमान चार इंच मोकळे ठेवा. वर एक फूट मोकळे असावे. कंपनीच्या पुस्तकात जास्त जागा सांगितली असेल तर तेवढी सोडा. वर गोधड्या, वह्या, पिशव्या रचू नका.

पश्चिमेच्या भिंतीला फ्रिज लावू नका. दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते. उत्तर किंवा पूर्वेची भिंत बरी. दुसरी जागाच नसेल, तर पत्र्याच्या भिंतीला आतून फळी किंवा जाड प्लाय लावा, आणि त्या प्लायपासून चार इंचांवर फ्रिज ठेवा. म्हणजे अस्तर भिंतीला झाले, फ्रिजला नाही.

शेगडी आणि फ्रिज शेजारी नकोत. त्याला आणखी एक कारण आहे. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो पेट घेणारा आहे. फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या पट्टीवर हे नाव छापलेले असते. प्रमाण थोडे असते, घाबरायचे कारण नाही. पण साचलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, नळीला भोक पडले की गॅस बाहेर येतो. बर्फ काढायचा तर डीफ्रॉस्टचे बटण दाबा किंवा फ्रिज बंद करून आपोआप वितळू द्या. त्या वेळी इन्सुलिन शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवा.

खोलीतही हवा फिरू द्या. गरम हवा वर चढते. त्यामुळे खाली दारातून किंवा खिडकीतून हवा आत यावी आणि वर, छताजवळ, झरोक्यातून बाहेर जावी. पत्रा आणि भिंतीच्या मधली फट आपण चिंध्या कोंबून बंद करतो. त्याऐवजी तिथे डासांची जाळी ठोका. फ्रिजने बाहेर टाकलेली उष्णता त्याच खोलीत रात्रभर राहिली, तर तिथे झोपणाऱ्या लेकरांना आणि म्हाताऱ्यांनाही ती बाधते. आणि फ्रिजचे दार उघडे ठेवून खोली गार होत नाही, उलट जास्त तापते. आता याचे कारण तुम्हीच सांगू शकाल.

छताचे अस्तर

फ्रिजच्या आत किंवा मागे एक पट्टी असते. तिच्यावर इंग्रजी अक्षरे असतात : एन, एसटी किंवा टी. तो फ्रिज किती गरम खोलीत नीट चालेल, ते या अक्षरांवरून कळते. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ अंशांपर्यंत, टी म्हणजे ४३ अंशांपर्यंत. नवा-जुना कोणताही फ्रिज घेताना ही पट्टी वाचा. आपल्या भागात टी असलेलाच घ्यावा. शिरूर-दौंडचा पट्टा पावसाच्या सावलीतला. उन्हाळ्यात बाहेरच पारा ४० च्या आसपास जातो. उघड्या पत्र्याखाली दुपारी त्याहून जास्त होते. मग टी छापलेला फ्रिजही हात टेकतो. म्हणून खोलीच थंड करावी लागते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छताला पांढरा रंग. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. पुढे तिथल्या वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याचे कामही त्यात आले. आपल्याकडे चुन्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून मार्चअखेर दोन हात मारावेत. पावसाने तो धुपतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा लावा आणि हातात पिशवी घाला. पत्र्याच्या मध्यावर पाय देऊ नका, आडव्या लोखंडी पाइपवर किंवा वाशावर फळी टाकून त्यावरून काम करा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो फोडू, घासू किंवा त्याला भोके पाडू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक असते.

दुसरा उपाय, पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून बांबूच्या चटईची किंवा प्लायची आतली छत. मधली हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाऊ द्या. थर्माकोल किंवा प्लास्टिकचा कागद शेगडीच्या वर लावू नका, आग लागली तर झपाट्याने पसरते. उसाचे पाचटही वाळल्यावर तसेच.

इन्सुलिन ठेवायचे कुठे?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे. फ्रिजमध्ये सगळीकडे सारखे तापमान नसते. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये ते गोठते. मागच्या भिंतीला टेकले तरी गोठू शकते. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला किंवा दारातल्या कप्प्यात, छोट्या डब्यात ठेवा.

गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखे दिसते, पण त्याचा भरवसा राहत नाही. ते टाकून द्या. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा दुधासारखे असणारे हातात हळूच फिरवल्यावरही गुठळ्या राहिल्या, तर तेही वापरू नका.

उन्हाळ्यात आपण फ्रिजचे बटण सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेतो. आकडा मोठा तेवढा गारवा जास्त. रात्री खोली निवते, बटण तिथेच राहते, आणि पहाटे बाटली गोठते. म्हणून अंदाजावर राहू नका. छोटा थर्मामीटर आणून मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात ठेवा. सकाळ-संध्याकाळ बघा आणि बटण त्याप्रमाणे फिरवा.

वापरात असलेली, म्हणजे टोचलेली बाटली मात्र फ्रिजमध्येच हवी असे नाही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर सावलीत, ३० अंशांच्या आत, सुमारे चार आठवडे चालते. नेमके किती दिवस आणि किती अंश, ते खोक्यातल्या कागदावर असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

ज्या घरी फ्रिज नाही, तिथे माठाचा उपाय आहे. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात छोटे मडके, मडक्यात कोरड्या डब्यात बाटली, वर ओले फडके. सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा आणि वाळू दिवसातून दोनदा ओली करा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो चांगला चालतो, पावसाळी दमट हवेत कमी. हा उपाय वापरातल्या बाटलीसाठी आहे. साठा माठात ठेवू नका, लागेल तसे थोडे थोडे आणा.

दार, वीज आणि मागचा ट्रे

दाराचे रबर, ज्याला मेकॅनिक गॅस्केट म्हणतात, ते ढिले झाले की आतला फोम कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर रबर पुसा, साबणाच्या पाण्याने धुवा, तरी सुटत असेल तर बदला. गरम भाजीचे पातेले थेट आत ठेवू नका. झाकून निवू द्या, पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उन्हाळ्यात एका तासातच ठेवा.

वीज गेली की दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, तापलेल्या पत्र्याच्या घरात त्याहून कमी धरा. बर्फाच्या कप्प्यात रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वीज गेल्यावर त्या गारवा टिकवतात. वीज आल्यावर पाचेक मिनिटांनी फ्रिज सुरू करा. वीज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो बंद करून अर्थिंग तपासून घ्या. दोन पिनांची जोड लावून काम भागवू नका, त्याने जीव जातो.

फ्रिजच्या मागे खाली, कॉम्प्रेसरजवळ, वितळलेले पाणी साचायचा ट्रे असतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तो रिकामा करून घासा. फ्रिज भिंतीला चिकटलेला असेल तर तिथे हातच पोचत नाही. चार इंच जागेचा हा आणखी एक फायदा.

गाडीतून जाताना

६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला विजयस्तंभ, दसऱ्याला दीक्षाभूमी. आपण जीप, टेम्पो, एसटी, रेल्वेने निघतो. रोगी "प्रवासात नको" म्हणून इंजेक्शन चुकवतो. तसे करू नका. थंडीच्या दिवसांत वापरातली बाटली पिशवीत, कपड्यात गुंडाळून, सावलीत नेली तरी चालते. वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या प्रवासात, जास्त जपावे लागते. रुंद तोंडाचा थर्मास थंड पाण्याने विसळून, कोरडा करून, त्यात डबीत बाटली ठेवा. बर्फ थेट लावू नका. लसीच्या डब्यातही गोठलेले आइसपॅक लगेच घालत नाहीत. ते बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळू लागले की मगच भरतात. तोच नियम इथे लावा. उभ्या गाडीत, डॅशबोर्डवर किंवा डिकीत औषध ठेवू नका.

आपले काही भाऊ ट्रक चालवतात आणि केबिनमध्ये बॅटरीवरचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवतात. त्यालाही हेच लागू. तो सीटखाली कोंबला, सामानाने वेढला की बॅटरी उतरते आणि औषध तापते. ज्या जाळीतून त्याचा पंखा गरम हवा फेकतो, ती मोकळी हवी. फ्रिज खाचेत बसवला असेल, तर खालून हवा यायला आणि वरून जायला वाट ठेवा. अस्तर लावायचे तर केबिनच्या छताला आणि उन्हाच्या काचेला लावा, फ्रिजच्या जाळीला नाही.

विहारातला फ्रिज

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, "ताई, आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे. चार इंच कुठून आणू?" प्रश्न खरा आहे. जागा, वीज आणि पक्के छत हा आपला हक्क आहे आणि तो मागत राहिलेच पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचे खातेही होते. वीज सर्वांपर्यंत स्वस्तात पोचली पाहिजे हा विचार आपल्याला नवा नाही.

पण तोपर्यंत एक काम आपण स्वतः करू शकतो. वस्तीतल्या बुद्धविहारात एक फ्रिज फक्त औषधासाठी ठेवावा. उत्तरेच्या भिंतीला, चारही बाजूंनी मोकळा. आत थर्मामीटर. प्रत्येक रोग्याचा नाव लिहिलेला डबा. दारावर वही, दिवसातून दोनदा तापमानाची नोंद. महिला मंडळाने आणि तरुणांनी आठवड्याच्या पाळ्या लावाव्यात. त्यात पाण्याच्या बाटल्या किंवा कार्यक्रमाचे आइस्क्रीम ठेवायचे नाही, एवढा नियम कडक. घरी प्रत्येकाने फक्त वापरातली बाटली ठेवावी.

अंथरुणाला खिळलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या भिक्षूची भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली. विहारात आजाऱ्याच्या औषधाला जागा देणे त्या वाटेवरचेच पाऊल आहे.

शेवटी एक. इन्सुलिन बिघडल्याची शंका आली तर स्वतःहून डोस वाढवू नका. नवी बाटली चांगली असली तर तो वाढवलेला डोस साखर एकदम खाली आणतो, आणि तेही जिवावर बेतते. संशयी बाटली घेऊन डॉक्टरकडे किंवा आरोग्य केंद्रात जा. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आज संध्याकाळी एवढेच करा : फ्रिज चार इंच पुढे ओढा, वरचे ओझे उतरवा, मागचा ट्रे रिकामा करा आणि इन्सुलिनची बाटली मधल्या फळीवर पुढे आणून ठेवा. याला पैसा लागत नाही.

जयभीम, नमो बुद्धाय!